चुलीवर नाव कुणाचं?

रेडिओवरच्या आपल्या गप्पांमध्ये आज आम्ही घाटघरच्या बायका मातीबद्दल बोलणार आहोत. शेतातल्या मातीबद्दल नाही, तर हातानं मळलेल्या, घडवलेल्या, भाजलेल्या मातीबद्दल. आणि अशी वस्तू घडवणारीचं कौतुक छापून येतं, तेव्हा तिच्या पदरात नक्की काय पडतं, याबद्दल.

निमित्त असं झालं. बचत गटाच्या बैठकीला एकीनं पुण्याहून आलेलं मासिक आणलं होतं. त्यात घरच्या घरी छोटी भट्टी लावून मातीचे कप, वाडगे करणाऱ्या एका बाईबद्दल पानभर मजकूर होता. कपांचे फोटो होते आणि वर ‘हातानं घडवलेलं’ असं मोठ्या अक्षरांत. मासिकात आलं म्हणून त्या बाईनं गल्लीत पेढे वाटले, असंही लिहिलं होतं. एका कपाची किंमत वाचून आमच्यात हशा पिकला. तेवढ्यात आमच्याकडं आठवड्याचं तेल-मीठ येतं. शिवाय कप सरळसुद्धा नव्हता, एका बाजूला जरा कललेला.

आमच्या गटातल्या थोरल्या आत्या तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी मासिक डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाल्या, “हिनं बोटाचे ठसे पुसले नाहीत. मुद्दाम ठेवलेत.”

आत्यांना मातीतलं कळतं. पंचक्रोशीत नवी चूल घालायची तर त्यांनाच बोलावणं जातं. वारुळाची माती, भाताचं तूस, शेण, थोडी राख, सगळं भिजवून दोन दिवस ठेवायचं, पायानं तुडवायचं, मग चूल आणि तिला जोडून वैल उभी करायची. त्यांच्या चुलीला धूर कमी आणि आच जास्त, हे सगळ्यांना माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ट्रेकिंगला आलेल्या एकानं त्या चुलीचा फोटो काढला होता. तो एका ठिकाणी छापूनही आला. कुठं ते सांगत नाही. फोटोखाली एवढंच होतं : ‘सह्याद्रीतील एक स्त्री आणि तिची चूल’. आत्यांचं नाव नाही, गावाचं नाव नाही. आपला फोटो आल्याचं आत्यांना सहा महिन्यांनी कळलं.

म्हणजे एकीचं कौतुक झालं तर तिनं पेढे वाटले, आणि दुसरीचं झालं ते तिला माहीतच नाही. दोघी मातीच घडवतात. मग फरक कुठं पडला? हे आम्ही आपापसात बोललो, काही वाचलं, काही विचारून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी तो वाकडा कप समजून घेऊ. साच्यातून निघालेला कप हजारात एकसारखा असतो. हातानं केलेल्यावर चाकाचे वळसे राहतात, कान जोडताना अंगठा दाबल्याची खूण राहते, झिलई एकीकडं जाड तर दुसरीकडं पातळ बसते. शहरातल्या घेणाऱ्याला हवी असते ती हीच खूण, कारण ती वस्तू माणसानं केल्याचा तो पुरावा असतो. मात्र एक लक्षात ठेवा. खूण वेगळी आणि खोट वेगळी. कप डगमगत असेल, कान तापत असेल, कडेला ओठ लागत असेल, तर ते हातकामाचं सौंदर्य नव्हे, ते कच्चं काम. आपल्या गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतमंडळींची डोकी वाजवून पाहिली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. कुंभार आजही मडकं तसंच तपासतो. टिचकी मारली आणि खणखणीत आवाज आला तर पक्कं. बद्द आवाज आला तर कुठंतरी तडा आहे किंवा भाजणी कमी पडली आहे.

आता सिरॅमिक हा शब्द. तो ऐकून दबून जाऊ नका. भाजून घट्ट झालेल्या मातीच्या सगळ्या वस्तू त्यात येतात. आपला माठ, पणती, सुगड हीसुद्धा सिरॅमिकच. आपल्या कुंभाराचा आवा साधारण 700 ते 900 अंशांपर्यंत तापतो. त्या भाजणीत मातीला बारीक छिद्रं राहतात, त्यातून पाणी झिरपतं आणि वाऱ्यानं उडतं, म्हणून माठातलं पाणी गार होतं. मासिकातल्या कपासारख्या वस्तूंना वेगळी माती लागते आणि 1200 अंशांच्या वर आच लागते. इतक्या आचेला माती आतून घट्ट होते, पाणी शोषत नाही. वर जी काचेसारखी चकाकी दिसते ती झिलई, शहरात तिला ग्लेझ म्हणतात. वाळूतल्या गारेची पूड आणि इतर खनिजं पाण्यात कालवून ती लावतात आणि भट्टीत तिची खरोखरच काच होते.

इथं एक सावधगिरीचं सांगतो. स्वस्त झिलईत कधी कधी शिसं असतं. अशा भांड्यात ताक, चिंचेचं सार, लोणचं असं आंबट ठेवलं तर ते शिसं अन्नात उतरतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते फार वाईट. म्हणून शोभेच्या भांड्यात खायचं ठेवू नका. आणि उद्या तुमच्यापैकी कुणी हे काम शिकली, तर झिलई बिनशिशाची आहे का हे विचारूनच विकत घ्या.

माती किती जुनी गोष्ट आहे ते आपल्याच भागात पाहा. आंबेगावातून वाहत जाणारी घोड नदी खाली शिरूर तालुक्यात जाते, तिथं तिच्या काठावर इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं 1968 पासून तिथं बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती सापडली, मडकी सापडली, ती भाजायची भट्टीसुद्धा सापडली. लाल मडक्यांवर काळ्या रंगाची नक्षी, लांब तोटी आणि वाजवलं तर धातूसारखा आवाज. अशी मडकी आधी संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी मिळाली होती, म्हणून आज जगभरचे अभ्यासक त्यांना जोर्वे मडकी म्हणतात. घडवणारा किंवा घडवणारी कोण होती ते कुणालाच माहीत नाही. गावाचं नाव तेवढं राहिलं.

आमच्या दाराशीही तसंच आहे. घाटघरहून नाणेघाटाकडं गेलं की तोंडाशीच मोठा दगडी रांजण दिसतो. कोकणातून वर येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात टाकत, असं म्हणतात. घाटातल्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे, ब्राह्मी लिपीतला. सातवाहनांची राणी नागनिका, तिचं घराणं, यज्ञ, दिलेल्या दानाचे आकडे, सगळं त्यात कोरलेलं आहे. मागच्या भिंतीवर राजाराणीच्या मूर्ती होत्या, त्या आता फुटून गेल्या. वरची नावं मात्र शाबूत आहेत. बाहेरच्या रांजणाचं उलट झालं. वस्तू शाबूत, पण तो घडवणाऱ्याचं नाव कुठंच नाही. आणि पाथरवटानं त्या दगडाला जो आकार दिला तो तर कुंभाराच्या मातीच्या रांजणाचा! आम्ही त्याच्या शेजारून इतक्या वेळा गेलो, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

तर कौतुक आणि नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कौतुक झालं म्हणजे नाव राहिलंच असं नाही. आणि नाव राहिलं तरी ते कुणाचं, हा पुढचा प्रश्न.

आपल्याच राज्यातली वारली चित्रांची गोष्ट घ्या. डहाणू-तलासरीकडं लग्नाच्या वेळी गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवचौक काढायचा, हे काम सवाशिणींचं. पिढ्यान्‌पिढ्या बायकाच काढत आल्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार त्या भागात गेले आणि त्यांनी कागद, रंग दिले. जिव्या सोमा म्हसे हे तेव्हा चित्रं काढायचे. त्यांची चित्रं मुंबईला गेली, परदेशात गेली, आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. माणूस मोठाच, त्यांच्या हाताला तोड नव्हती, आणि त्यांच्यामुळं वारली हा शब्द जगाला कळला. पण भिंती रंगवणाऱ्या त्या आधीच्या सवाशिणींपैकी एकीचंही नाव आम्हाला कुठं वाचायला मिळालं नाही. कागद आला तेव्हा तो बायकांच्या हातात कमीच पडला. यात म्हसे बाबांचा काही दोष नाही. बाहेरचा माणूस गावात येतो तेव्हा त्याच्याशी बोलायला पुढं कोण येतं, यावर पुष्कळ ठरतं. आपल्याकडंही पाहुणा आला की आपण आत चहा ठेवायला जातो आणि बाहेर ओट्यावर बोलणं होऊन जातं.

उलटं उदाहरणही आहे. मणिपूरमध्ये थोंगजाव नावाचं गाव आहे, तिथं मडकी बायकाच करतात, आणि तीही चाकाशिवाय, हातानं थापून. त्या गावच्या नीलमणी देवी यांना 2007 साली पद्मश्री मिळाली. आपल्याकडं कुंभाराच्या घरात बाई माती चाळते, मळते, रंगवते, डोक्यावर पाटी घेऊन बाजारात विकते, पण चाकाला हात लावत नाही, अशी जुनी रीत. जिथं चाकच नाही, तिथं मडकं पहिल्यापासून शेवटपर्यंत बाईचं राहिलं, आणि सन्मानही बाईच्या नावानं आला. आता आत्यांची चूल आठवा. तिलाही चाक लागत नाही.

मासिकाचंच बोलायचं तर एक लांबची गोष्ट सांगण्याजोगी आहे. जपानमध्ये यानागी सोएत्सु नावाचे एक विचारवंत होते. 1931 साली त्यांनी ‘कोगेई’ नावाचं मासिक काढलं, हस्तकलेबद्दलचं. रोजच्या वापरातली, अनाम कारागिरांनी केलेली साधी भांडीच खरी सुंदर, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी ते क्यूशू बेटावरच्या ओन्ता नावाच्या डोंगरातल्या छोट्या गावात गेले आणि तिथल्या मडक्यांबद्दल त्यांनी लिहिलं. गाव म्हणजे ओढ्याकाठची मोजकी कुंभारघरं. माती कुटायला लाकडी उखळं, आणि ती चालतात ओढ्याच्या पाण्यावर. पाणी खोलगट टोकात भरलं की ते खाली जातं, रिकामं झालं की दुसरं टोक धाडकन मातीवर आदळतं. रात्रंदिवस ठक्‌ ठक्‌ चालू. पुढं 1954 साली बर्नार्ड लीच नावाचे इंग्लंडचे नावाजलेले कुंभार तिथं येऊन राहिले आणि गाव आणखी प्रसिद्ध झालं.

मग गिऱ्हाईक लोटलं. अशा वेळी काय होतं ते आपण ओळखतो. एखाद्याला वाटतं यंत्र आणू, माती बाहेरून आणू, चौपट माल काढू. ओन्ताच्या लोकांनी उखळं तशीच ठेवली. ओढा जेवढी माती कुटून देईल तेवढीच भांडी. आणि भांड्यावर एकट्यादुकट्या कुंभाराचं नाव घालायचं नाही, नाव गावाचं. माती तयार करायचं निम्मं काम तिथंही बायकांचंच, त्यामुळं एका पुरुषाचं नाव घातलं असतं तर ते अर्धवटच झालं असतं. हा शेवटचा विचार आमचा आहे, त्यांचा नव्हे. 1995 साली जपान सरकारनं त्या गावाच्या कलेला राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता दिली.

गावाचं नाव जपायची सोय आपल्याकडंही कायद्यात आहे. तिला भौगोलिक मानांकन म्हणतात, बोलण्यात जीआय टॅग. कोल्हापुरी चपलेला ते 2019 साली मिळालं, वारली चित्रांना त्याआधी 2014 साली. जून 2025 मध्ये इटलीतल्या प्राडा या बड्या कंपनीनं मिलानच्या कार्यक्रमात कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा महाराष्ट्रातून ओरड झाली आणि कंपनीला ही प्रेरणा भारतातली आहे हे कबूल करावं लागलं. आधीच नोंद झालेली होती म्हणून बोट दाखवता आलं. आत्यांच्या फोटोच्या वेळी आम्ही कशाकडं बोट दाखवणार होतो?

आता जरा हिशोबाकडं येऊ, कारण कौतुक छापून आलं की पाठोपाठ ऑर्डर येते, आणि बाया बुडतात त्या तिथंच. हिरड्याचा भाव व्यापारी सांगतो आणि आपण मान डोलावतो, ती सवय इथं चालत नाही. आकडे समजण्यापुरते घेऊ. एकीनं 50 कप केले. पाच दिवस लागले. रोजगार हमीची 2025-26 ची महाराष्ट्रातली मजुरी दिवसाला 312 रुपये, म्हणजे मजुरी झाली 1,560. माती आणि झिलई 500, भट्टीचा खर्च 900, खोकी, पेंढा, एसटीचं भाडं मिळून 640. एकूण 3,600 रुपये. पन्नासानं भागलं तर कप पडतो 72 रुपयांना. तिनं 80 ला विकायचं ठरवलं आणि खूश झाली.

पण माती वाळताना आक्रसते, त्यात चार कपांना तडे गेले. पहिल्या भाजणीत तीन गेले. झिलई लावून दुसऱ्यांदा भाजले तेव्हा पाच एकमेकांना चिकटले. हातात राहिले 38. अडतीस गुणिले 80 म्हणजे 3,040. खर्चाला 560 रुपये कमी पडले, ते गेले तिच्या मजुरीतून. पाच दिवसांचे तिला मिळाले 1,000, म्हणजे दिवसाला 200. मासिकात नाव आलं आणि मजुरी रोजगार हमीपेक्षा खाली गेली! खरा हिशोब 38 नं भागायचा. तो येतो जवळजवळ 95 रुपये, आणि त्याच्या वर नफा. ज्या कपाच्या किमतीला आम्ही हसलो, त्या किमतीत फुटलेले कपही होते, हे आम्हाला कागदावर मांडल्यावर कळलं.

ऑर्डर घेताना आणखी दोन गोष्टी. निम्मे पैसे आगाऊ घ्या, आणि पावसाळ्याची तारीख कबूल करू नका. आपल्याकडं जून ते सप्टेंबर मातीची वस्तू धड वाळत नाही. ओल राहिलेली वस्तू भट्टीत घातली तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती फुटते, शेजारच्या चार घेऊन.

कुणी फोटो काढायला आलं तर लाजून आत जाऊ नका, आणि भांडूही नका. आपलं पूर्ण नाव आणि गाव, तालुका एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या हातात द्या, त्याला मोठ्यानं वाचायला लावा. नाव छापणार असाल तर काढा म्हणावं. छापून आल्यावर एक प्रत पाठवा म्हणावं. ती प्रत गटाच्या दप्तरात ठेवा. बँकेत, प्रदर्शनाच्या अर्जाला, पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला ती कामाला येते. सरकारी प्रमाणपत्र नसलं तरी तो एक दाखलाच असतो.

सरकारी कागदाचंही सांगतो. 17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा पारंपरिक धंदे त्यात आहेत, त्यातला एक कुंभारकाम. कारागीर म्हणून प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळतं, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत, आणि पाच टक्के व्याजानं आधी एक लाखापर्यंत, ते फेडलं की पुढं दोन लाखांपर्यंत कर्ज. अर्ज नागरी सुविधा केंद्रात होतो, पडताळणी ग्रामपंचायतीपासून सुरू होते. आधार, बँकेचं पासबुक, रेशनकार्ड, मोबाइल बरोबर न्या.

त्यात एक अट आहे, ती नीट ऐका. एका कुटुंबातून एकाच माणसाची नोंद होते. नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं मिळून एक कुटुंब. म्हणजे घरात माती तुम्ही मळता, वस्तू तुम्ही घडवता, आणि सुविधा केंद्रात मालक जाऊन स्वतःचा अंगठा लावून आले, तर तुमची वाट बंद. मुद्दाम कुणी करत नाही, ‘तू कशाला येतेस एवढ्या लांब’ म्हणून होतं. तेव्हा अर्ज भरायच्या आदल्या रात्री जेवणं झाल्यावर घरात हे बोलून घ्या. काम ज्याच्या हातचं, नाव त्याचं.

आम्ही हे सगळं आत्यांना सांगितलं. चूल घालणं कुंभारकामात बसेल की नाही, ते ग्रामपंचायतीत विचारायला दोघीजणी जाणार आहेत. तोवर गटानं ठरवलं, की आत्या यापुढं जी चूल घालतील तिच्यावर ओल्या मातीतच काडीनं नाव लिहायचं, आत्यांचं आणि घाटघरचं. आत्यांना लिहिता येत नाही, म्हणून आमच्यातल्या एकीच्या मुलीनं पाटीवर मोठी अक्षरं काढून दिली आणि त्या ती गिरवताहेत. परवा पहिली चूल झाली. आम्ही म्हटलं, नाव पुढं घालू, सगळ्यांना दिसेल.

आत्या म्हणाल्या, “पुढं नको. पुढं रोज पोतेरं फिरतं. बाजूला घाला, वैलाखाली. तिथं हात लागत नाही कुणाचा.”